कोळसा-पोलादातून शांततेकडे

युद्धाची साधनेच सामाईक केली तर युद्ध अशक्य होईल, हा विचार व्यवहारात उतरविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते फ्रेंच मुत्सद्दी म्हणजे रॉबेर शुमान. त्यांचा जन्म २९ जून १८८६ रोजी लक्झेंबर्गमध्ये झाला. त्यांचे वडील लोरेनचे. १८७१ मध्ये तो भाग जर्मनीने घेतल्याने जन्माने फ्रेंच असलेले वडील जर्मन नागरिक ठरले आणि साहजिकच शुमानही. जर्मन विद्यापीठांतून कायद्याचे शिक्षण घेऊन १९१२ मध्ये त्यांनी मेत्स येथे वकिली सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर लोरेन फ्रान्सकडे परतला. १९१९ मध्ये शुमान फ्रेंच संसदेवर निवडून गेले. सीमा सरकली की माणसाचे राष्ट्रच बदलते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

सप्टेंबर १९४० मध्ये गेस्टापोने त्यांना अटक केली. १९४२ मध्ये ते नजरकैदेतून निसटले. तरीही सूडाचे राजकारण त्यांनी केले नाही. १९४७-४८ मध्ये ते पंतप्रधान आणि त्यानंतर परराष्ट्रमंत्री झाले. जर्मनीला कायम दुबळे ठेवावे, असे मानणाऱ्यांची फ्रान्समध्ये तेव्हा वाण नव्हती. मात्र पहिल्या महायुद्धानंतर लादलेल्या अटींतून शांतता टिकली नाही, हा ताजा इतिहास होता.

तोफा-रणगाड्यांना पोलाद लागते आणि पोलादाला कोळसा. दोन्ही देशांचे हे उत्पादन एकाच सामाईक प्राधिकरणाखाली आणावे, असा प्रस्ताव शुमान यांनी ९ मे १९५० रोजी मांडला. त्याचा मसुदा मुख्यतः झां मोने यांचा. राजकीय जोखीम मात्र शुमान यांची. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी त्यास तत्काळ संमती दिली. १८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांनी पॅरिस करारावर स्वाक्षऱ्या केल्या.

सारेच साधले असे नाही. संयुक्त युरोपीय सैन्याची योजना १९५४ मध्ये फ्रेंच संसदेनेच रोखली. त्याआधीच, १९५३ च्या आरंभी, शुमान यांचे परराष्ट्रमंत्रिपद गेले होते. १९५८ ते १९६० या काळात ते युरोपीय संसदीय सभेचे अध्यक्ष होते. ४ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

सत्तर वर्षांत तीन वेळा रणांगणावर भिडलेली फ्रान्स आणि जर्मनी ही राष्ट्रे त्यानंतर परस्परांशी लढलेली नाहीत. २०१२ मध्ये युरोपीय संघाला शांततेचे नोबेल मिळाले. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणाने युरोपात पुन्हा मोठे युद्ध पेटले, ते या संघाच्या सीमेबाहेर. शेजाऱ्यांचे हितसंबंध जिथे एकमेकांत गुंतले, तिथे शांतता टिकली. हाच शुमान यांच्या कार्याचा अर्थ.