पंडिता रमाबाईंचे सोपे मराठी

पंडिता रमाबाई म्हटले की शारदासदन आणि केडगावचे मुक्तिसदन डोळ्यांपुढे येते. परंतु त्यांचे शेवटचे मोठे काम पुष्कळजणींना ठाऊक नसते. ते म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आई लक्ष्मीबाईंनी. दुष्काळात आईवडील गेले. पायी फिरत बहीणभाऊ १८७८ साली कलकत्त्यास पोचले. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे विवाह, लवकरच वैधव्य, पदरी लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले.

मराठीत बायबल आधीही होते. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून नवा करार १८११ साली निघाला होता. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनीही भाषांतरे केली. पण त्यांतली संस्कृतप्रचुर भाषा मुक्तिसदनातल्या नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बायांना जड जाई. म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि पंधराहून अधिक वर्षे या कामाला लागल्या. अवघड शब्द त्यांच्या जिभेवर होते, तरी त्यांनी साधे शब्द निवडले. खिळे जुळवणे, छपाई ही कामेही सदनातल्या स्त्रियांनीच केली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. ते दुःख गिळून आईने काम तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

आज बायबलची अनेक मराठी भाषांतरे मिळतात. आपली एखादी लेक वाङ्मय म्हणून ते अभ्यासू लागली आणि कोणते घेऊ असे विचारू लागली, तर तिला एवढेच सांगावे : भाषांतर कोणी केले आणि कोणासाठी केले, ते आधी पाहा. बायबल सोसायटीची प्रत आणि रमाबाईंची प्रत शेजारी ठेव. रूथची गोष्ट चारच अध्यायांची आहे. दुष्काळ, वैधव्य आणि सासू-सुनेची माया तिच्यात आहे. ती दोन्हींत वाच. कोठे भाषेचा डौल अधिक आणि कोठे अर्थ चटकन कळतो, हे तुझे तुलाच उमगेल.

सोपे लिहिताना डौल थोडा सोडावा लागतो. एवढ्या मोठ्या पंडितेने तो आपल्या अडाणी बहिणींसाठी सोडला. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला त्यांची ही विद्वत्ता सर्वांत मोठी वाटते.