सुट्या भागांतली गाडी : ब्रूस मॅक्लारेन

मॅक्लारेन हे नाव घेतले की आज डोळ्यांसमोर येते ती कोट्यवधी रुपयांची, जमिनीला जवळजवळ चिकटून धावणारी गाडी. २०२२ मध्ये या गाड्यांचे विक्रीदालन मुंबईतही उघडले. परदेशांत तर नवी परवडत नाही म्हणून सेकंडहँड मॅक्लारेन शोधत फिरणारे लोक आहेत, आणि ती मिळाल्यावर एकमेकांना गाठून क्लब काढणारेही आहेत. पण मॅक्लारेन हे एका माणसाचे आडनाव होते, तो माणूस किंचित लंगडत चालत असे आणि त्याची पहिली गाडी सेकंडहँड तर होतीच, शिवाय घरी आली तेव्हा धड गाडीच नव्हती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मलाही नव्हते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीवर का लिहावे, असे कुणी विचारील. माझे उत्तर एवढेच, की मी मोटारीवर लिहीत नाही, एका मुलावर लिहितो आहे.

ब्रूस मॅक्लारेनचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात झाला. वडील लेस मॅक्लारेन यांचा रेम्यूएरा या भागात पेट्रोल पंप आणि त्याला जोडून गॅरेज होते. तरुणपणी ते मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेत. घरात दिवसरात्र ग्रीसचा आणि पेट्रोलचा वास. अशा घरातल्या मुलाला दुसरा नाद लागणार तरी कसला? रग्बीच्या देशात जन्मलेला हा मुलगा मैदानावरही चांगला चमकला असता, पण नवव्या वर्षी त्याच्या कमरेच्या सांध्यात दुखू लागले आणि डॉक्टरांनी पर्थेस नावाच्या रोगाचे निदान केले. या रोगात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाला रक्तपुरवठा कमी पडतो आणि ते टोक झिजत, चेपत जाते. त्या काळी उपाय एकच होता. पायावर भार पडू द्यायचा नाही. ताकापुना येथील विल्सन होम या अपंग मुलांच्या संस्थेत ब्रूसने सुमारे दोन वर्षे काढली, त्यातला बराच काळ आडव्या चौकटीला जखडून. तेथून तो बाहेर आला तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा सुमारे दीड इंच आखूड राहिला होता. धावण्याचे, उड्या मारण्याचे खेळ संपले. ज्या वयात आपण सारे आट्यापाट्या खेळतो, त्या वयात हा मुलगा छताकडे पाहत पडून होता. त्याविषयी पुढे त्याने कधी रडगाणे गायल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

आता त्या गाडीकडे वळतो. युद्धानंतरच्या न्यूझीलंडमध्ये नवी मोटार मिळणे कठीण होते. परकीय चलन वाचावे म्हणून सरकारने आयातीवर परवाने बसवले होते. आपल्याकडे प्रीमियर पद्मिनीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे बसत, ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले आहेच. तिकडेही हाच प्रकार. त्यामुळे जुनी गाडी कुणी टाकून देत नसे. ती उघडायची, दुरुस्त करायची, दुसऱ्या गाडीचा एखादा भाग तिला जोडायचा आणि पुन्हा रस्त्यावर आणायची, हे त्या देशातल्या माणसांच्या अंगवळणीच पडले होते. लेस मॅक्लारेन यांनी अशीच एक १९२९ सालची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर विकत घेतली. गाडी सुट्या भागांच्या रूपात आली. नीट जोडून चार पैसे मिळवून विकावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

ऑस्टिन सेव्हन ही १९२२ मध्ये निघालेली इंग्लंडची लहानशी, सामान्य माणसाची गाडी. इंजिन अवघे ७४७ सीसी. आपल्या आजच्या कित्येक मोटारसायकलींना याहून मोठे इंजिन असते. पण अल्स्टर हा तिचा शर्यतीचा अवतार. खालचा, हलका, मागे निमुळता होत गेलेला सांगाडा, दार नाही, छप्पर नाही. त्या काळच्या पोरांच्या दृष्टीने ही खरीखुरी दुर्मिळ चीज होती. तिचे दोषही ठळक होते. ब्रेक तारांनी ओढले जाणारे, त्यामुळे ते लागतीलच अशी खात्री नसे. क्रँकशाफ्टला आधार दोनच बेअरिंगांचा, म्हणून जोरात पळवली की तो आतल्या आत लवत असे. अशी गाडी चालवणाऱ्याला तिचे ऐकावे लागते. कुठून काय आवाज येतो, कोठे काय सैल झाले आहे, याकडे कान लावून बसावे लागते. नवी कोरी गाडी विकत घेणाऱ्याला ही विद्या कधीच लाभत नाही, असे मला वाटते.

ब्रूसने वडिलांच्या मागे लागून ती गाडी विकू दिली नाही. बापलेकांनी मिळून ती उभी केली. परवाना मिळण्याचे वय व्हायचे होते, तेव्हा तो घरामागच्या बागेतल्या फळझाडांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवून सराव करी. आईला, रूथ मॅक्लारेन यांना, आपल्या झाडांची काळजी वाटली असेल की मुलाची, कोण जाणे. शेवटी १९५२ मध्ये, वयाच्या चौदापंधराव्या वर्षी, ऑकलंडच्या पश्चिमेला मुरिवाई येथे झालेल्या चढणीच्या शर्यतीत त्याने ही अल्स्टर उतरवली. चढणीची शर्यत म्हणजे एकेका गाडीने एकट्याने टेकडीचा वळणावळणाचा रस्ता घड्याळाविरुद्ध चढायचा. शेजारी कुणी नाही, झटापट नाही. फक्त आपण, रस्ता आणि सेकंद. जो पायाने धावू शकत नव्हता, त्याला धावण्याची जागा सापडली ती येथे.

यामागे क्लबांचा वाटा मोठा आहे. क्लब म्हटल्यावर आपल्या मनात पत्त्यांचे टेबल आणि गणवेशातले वेटर येतात. ऑकलंडचे मोटार क्लब तसे नव्हते. जुनी गाडी असलेली, किंवा घेण्याची इच्छा असलेली, मुले आणि त्यांचे बाप आठवड्याच्या सुटीला एकत्र जमत. कधी चढणीची शर्यत, कधी समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर शर्यत, कधी मोकळ्या मैदानात खुंट्या रोवून त्यांच्यामधून गाडी वळवण्याची स्पर्धा. एकाकडे नसलेला पाना दुसऱ्याकडे मिळे. कुणाचे इंजिन का तापते यावर दहा जण डोके खाजवीत. ब्रूसपाशी पैसा नव्हता असे नाही, पण फारही नव्हता. जे होते ते या मंडळींपाशी होते आणि ते त्याला फुकट मिळाले. फिल कर हा त्याचा जन्माचा मित्र त्याच दिवसांतला. वीस वर्षेही झाली नसतील तोच हा फिल ब्रूसच्या कंपनीचा एक व्यवस्थापकीय संचालक होऊन बसला होता.

शाळेनंतर ब्रूस ऑकलंड येथे अभियांत्रिकी शिकू लागला. गाड्याही चढत्या क्रमाने बदलत गेल्या. अल्स्टरनंतर फोर्डचे इंजिन असलेली घरगुती जोडणीची गाडी, मग ऑस्टिन हीली, आणि १९५७ च्या सुमारास कूपर. ही कूपरही सेकंडहँडच होती. ऑस्ट्रेलियाचा शर्यतपटू जॅक ब्रॅबम याने ती चालवलेली होती. न्यूझीलंडला आला की ब्रॅबम मॅक्लारेनांच्या घरी उतरत असे, आणि पुढे युरोपात ब्रूसला त्याने थोरल्या भावासारखे वागवले. १९५८ मध्ये न्यूझीलंडच्या ग्रां प्री संघटनेने एका होतकरू चालकाला युरोपात पाठवण्याची योजना काढली. पहिला मान वीस वर्षांच्या ब्रूसला मिळाला. त्याने अभ्यासक्रम अर्धा टाकला आणि कॉलिन बीनलंड या मित्राला मेकॅनिक म्हणून बरोबर घेऊन इंग्लंड गाठले. (अर्धवट सोडलेल्या पदवीचा दाखला आमच्या घरी देण्याची माझी छाती नाही.) सर्बिटनच्या कूपर कारखान्यात त्याची गाडी तयार उभी नव्हतीच. दोघा मित्रांनी ती आपल्या हातांनी जुळवली. सुट्या भागांतून गाडी उभी करणे त्यांना नवे थोडेच होते!

त्याच वर्षी जर्मनीतील नुर्बुर्गरिंगच्या भयंकर मार्गावर फॉर्म्युला वन आणि फॉर्म्युला टू गाड्या एकत्र धावल्या. ब्रूस आपल्या लहान गाडीच्या गटात पहिला आणि एकूण पाचवा आला. १२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेतील सेब्रिंग येथे त्याने ग्रां प्री जिंकली, तेव्हा त्याचे वय २२ वर्षे १०४ दिवस होते. इतक्या लहान वयात ग्रां प्री जिंकण्याचा त्याचा विक्रम २००३ पर्यंत टिकला. १९६० मध्ये जागतिक अजिंक्यपदात तो ब्रॅबमच्या मागोमाग दुसरा आला. या यशाची यादी लांबवता येईल, पण ती कोणत्याही विश्वकोशात सापडते.

१९६३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. सुरुवात लंडनजवळच्या न्यू मॉल्डनमधील एका मळकट शेडमध्ये झाली. माणसे मोजकी, त्यांत न्यूझीलंडची पोरे आणि टायलर अलेक्झांडर, टेडी मेयर यांच्यासारखे अमेरिकन. कामगार आणि मालक असा भेद फारसा नव्हता, मालकही वेल्डिंगच्या ठिणग्यांत उभा असे. ऑकलंडच्या त्या जुन्या क्लबाचीच ही शाखा म्हणावी. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६४ मध्ये, टेडीचा धाकटा भाऊ टिम टास्मानियातील लाँगफर्ड येथे सराव करताना ब्रूसच्या संघाच्या गाडीत ठार झाला. तो सव्वीस वर्षांचा होता. ब्रूसने त्याच्यावर एक लेख लिहिला. आयुष्य वर्षांनी नव्हे, हातून झालेल्या कामाने मोजावे, अशा आशयाचा तो लेख आहे. आज तो बहुधा ब्रूसच्याच संदर्भात सांगितला जातो. माझे मन या विचाराला पूर्ण कौल देत नाही. सव्वीस वर्षांच्या भावाला मुकलेल्या टेडीला तो वाचून काय वाटले असेल?

१९६६ ची ल माँची चोवीस तासांची शर्यत ब्रूसने देशबांधव ख्रिस एमन याच्यासह फोर्ड गाडीत जिंकली. या विजयाला एक गालबोट आहे. जाहिरातीसाठी फोर्डच्या अधिकाऱ्यांना आपल्या गाड्या एकत्र रेषा ओलांडताना हव्या होत्या. तसे झाल्यावर पंचांनी निर्णय दिला, की ब्रूसची गाडी सुरुवातीला मागे उभी होती, म्हणून तिने काही मीटर अंतर जास्त कापले. बराच वेळ पुढे राहिलेला केन माइल्स दुसरा ठरला आणि दोनच महिन्यांनी गाडीच्या चाचणीत मरण पावला. ब्रूसचा यात दोष नसला तरी हा विजय मला निर्भेळ वाटत नाही.

निर्भेळ विजय ९ जून १९६८ चा. बेल्जियममधील स्पा येथे शेवटच्या टप्प्यात आघाडीवरच्या जॅकी स्ट्युअर्टचे पेट्रोल संपले आणि ब्रूस पहिला आला. आपण जिंकलो हे रेषा ओलांडताना त्याला ठाऊकच नव्हते, नंतर कुणी तरी सांगितले. आपले आडनाव कोरलेल्या गाडीत त्याने जिंकलेली ही एकमेव अजिंक्यपदाची ग्रां प्री. अमेरिका आणि कॅनडातील कॅन-ॲम मालिकेत मात्र त्याच्या पपईच्या रंगाच्या गाड्यांना तोडच नव्हती. १९६९ मध्ये त्या मालिकेच्या अकराच्या अकरा शर्यती मॅक्लारेन संघाने जिंकल्या. सहा ब्रूसने, पाच त्याचा न्यूझीलंडचाच जोडीदार डेनी ह्यूम याने.

आता त्याला रस्त्यावर चालवायची स्पोर्ट्स गाडी काढायची होती. कॅन-ॲम गाडीच्या सांगाड्यावर बंद छपराचा एक नमुना बनवून तो घरापासून कोलनब्रुकच्या कारखान्यापर्यंत स्वतः त्यातून ये-जा करी. बापाच्या गॅरेजात जुनी गाडी जोडणारा मुलगा आता इतरांनी विकत घ्यावी अशी गाडी बनवू पाहत होता.

२ जून १९७० रोजी इंग्लंडमधील गुडवुड मार्गावर तो नव्या कॅन-ॲम गाडीची चाचणी घेत होता. सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात असताना गाडीच्या मागच्या पत्र्याचा भाग सुटून उडाला. हवेचा दाब गेल्यामुळे मागची चाके जमीन धरीनात, गाडी गरगरत जाऊन बाजूच्या पंचांच्या बांधीव चौथऱ्यावर आदळली. ब्रूस जागीच गेला. वय ३२. मागे पत्नी पॅट्रिशिया आणि चार वर्षांची मुलगी अमांडा. कोठे काय सैल झाले आहे ते ऐकण्याची विद्या ज्याला बालपणापासून येत होती, त्याची गाडी एका पत्र्याने घात करावी, हे वाचताना मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले होते.

त्याला ऑकलंडला नेऊन वाइकुमेटे येथे दफन केले. रस्त्यावरच्या गाडीचे काम तेथेच थांबले. मॅक्लारेन नावाची रस्त्यावर धावणारी गाडी विकायला येण्यास आणखी वीसएक वर्षे लागली. संघ मात्र थांबला नाही. डेनी ह्यूमचे हात इंडियानापोलिसच्या सरावात भाजले होते, तरी १४ जूनला कॅनडातील मोस्पोर्ट येथे तो गाडीत बसला. ब्रूसच्या जागी डॅन गर्नी आला होता. ती शर्यत गर्नीने जिंकली. ब्रूस जाऊन बारा दिवस झाले होते.

अल्स्टर अजून आहे. इंग्लंडमध्ये वोकिंग येथील मॅक्लारेनच्या प्रचंड काचेच्या इमारतीत नव्याजुन्या गाड्यांची रांग मांडलेली असते. तिच्यात ही १९२९ सालची, बिनदाराची, बिनछपराची छोटी गाडी ठेवलेली आहे.