विश्लेषण : पेशींना थांबवते कोण? कमल रणदिवे यांचे संशोधन आणि यकृताचा कर्करोग

राजारामपुरीतील एखाद्या प्रयोगशाळेतून ‘हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह’ असा अहवाल हाती आला, की काविळीबरोबर यकृताच्या कर्करोगाचाही विषय निघतो. या दोहोंतला एक महत्त्वाचा दुवा पेशींच्या विभाजनात आहे. पेशीने कधी विभागायचे आणि कधी थांबायचे, हे काही प्रथिने ठरवतात. ही प्रथिने सापडण्याच्या कितीतरी आधी कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर वाढवून तपासण्याची सोय भारतात उभी केली ती डॉ. कमल रणदिवे यांनी.

कमल रणदिवे कोण होत्या?

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागेत शिकलेल्या या मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. यातले एकही घडले नाही. १९३९ मध्ये त्यांचा विवाह गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी झाला, तर १९४३ मध्ये त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून एम.एस्सी. मिळवली. गुणसूत्रे नीट दिसतात ती विभागत असलेल्या पेशीत. म्हणजे कर्करोगाकडे वळण्याआधीच पेशी विभाजन त्यांच्या नजरेखालून गेले होते.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्या पीएच.डी. झाल्या. खानोलकरांनीच त्यांना परदेशी जाण्याचा आग्रह केला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धन शिकल्या. ‘हेला’ या न थांबता वाढत राहणाऱ्या मानवी कर्करोग पेशी याच गाय यांच्या प्रयोगशाळेतल्या. परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उभारलेली प्रयोगशाळा देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा मानली जाते. उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा वाटा किती, हा त्यांचा मुख्य विषय होता. १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या संचालकपदाची धुराही त्यांच्याकडे होती.

मग सायक्लिन कुठून आले?

१९८२ मध्ये रणदिवे यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी टिम हंट यांना समुद्री अर्चिन या जलचराच्या अंड्यांत एक विचित्र प्रथिन दिसले. ते प्रत्येक विभाजनाआधी साठत जाई आणि विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसे होई. त्याला सायक्लिन हे नाव पडले. ‘सीडीके’ नावाची विकरे एरवी स्वस्थ बसलेली असतात. सायक्लिन जोडले गेले की ती कामाला लागतात आणि पेशी पुढच्या टप्प्यात जाते. दुसऱ्या बाजूला आरबी, पी-१६, पी-५३ ही प्रथिने लगाम धरून असतात.

यकृताच्या पेशी एरवी क्वचितच विभागतात. पण उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला, तरी आठ-दहा दिवसांत ते जवळपास पूर्ववत होते आणि वाढ आपोआप थांबते. हिपॅटायटिस बी, सी किंवा दारूमुळे पेशी वर्षानुवर्षे मरत राहिल्या, तर ही भरपाई थांबतच नाही. प्रत्येक फेरीत डीएनएच्या नकलेत चुका होण्याची शक्यता वाढते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन तर थेट पी-५३ च्या जनुकात बिघाड करू शकते.

सर्वांत बोलके उदाहरण १९९० चे. फ्रान्समधील संशोधकांना एका रुग्णाच्या यकृताच्या गाठीत हिपॅटायटिस बी विषाणूचा डीएनए नेमका सायक्लिन-ए च्या जनुकात घुसलेला आढळला. त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनात स्वतःला नष्ट करण्याची खूण असलेला तुकडाच उरला नव्हता. काम संपले तरी सायक्लिन जागचे हलेना! मात्र विषाणू प्रत्येक रुग्णात याच जागी घुसतो असे नाही. बहुतेकांत तो अन्यत्र सापडतो.

उपचारांत याचा उपयोग?

सीडीके-४ आणि ६ रोखणारे पहिले औषध अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले, तेही स्तनाच्या कर्करोगासाठी, म्हणजे रणदिवे यांच्याच विषयात. यकृताच्या कर्करोगात अशी औषधे अजून नेहमीच्या उपचारांत आलेली नाहीत. तिथे प्रतिबंधच अधिक हाती आहे. हिपॅटायटिस बी ची लस राष्ट्रीय लसीकरणात असून पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो.

रणदिवे यांनी १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात रमल्या. एप्रिल २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेशीचक्राच्या संशोधनासाठी हंट, लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांना नोबेल जाहीर झाले.