जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन

सर जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन (७ जानेवारी १८५१ – ९ मार्च १९४१) हे ब्रिटिश अमदानीतील सनदी अधिकारी व भाषाशास्त्रज्ञ होते. ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ या ११ खंडांच्या व १९ भागांच्या ग्रंथमालेचे संपादक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

ग्रिअर्सन यांचा जन्म आयर्लंडमधील डब्लिनजवळच्या ग्लेनॅगेरी येथे झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गणिताबरोबर त्यांनी संस्कृत व हिंदुस्थानीचाही अभ्यास केला. १८७३ साली ते बंगाल प्रांतात रुजू झाले. नोकरीचा बराच काळ बिहारमध्ये गेला. तेथील कचेरीची भाषा आणि रयतेची भाषा यांतील अंतर त्यांच्या ध्यानात आले. बिहारी बोलींची व्याकरणे (१८८३–८७) आणि शेतकऱ्याच्या घरातील व शिवारातील वस्तूंची नावे नोंदवणारा ‘बिहार पेझंट लाइफ’ (१८८५) हे त्याचे फलित होय.

भाषा सर्वेक्षण

भारतातील भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, अशी शिफारस १८८६ च्या व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेने केली. काम १८९४ मध्ये सुरू झाले व १८९८ मध्ये ग्रिअर्सन त्याचे अधीक्षक झाले. माहिती पाठवणारे बहुतेक जण जिल्ह्यांतील अधिकारी होते, भाषाशास्त्रज्ञ नव्हेत. प्रत्येकाने आपल्या मनाने मजकूर धाडला असता, तर एका जिल्ह्याची बोली दुसऱ्या जिल्ह्याच्या बोलीशी ताडून पाहणे अशक्य झाले असते.

म्हणून प्रत्येक बोलीसाठी तीन नमुने ठरवण्यात आले. पहिला नमुना म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे स्थानिक बोलीतील भाषांतर. धर्मप्रसार हा या निवडीमागचा हेतू नव्हता. त्या छोट्या कथेत तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे तिन्ही काळ येतात. भारतीय वाचकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मजकुरात किरकोळ शाब्दिक फेरफारही केले होते. तिसरा नमुना २४१ शब्दांच्या व वाक्यांच्या यादीचा होता. सर जॉर्ज कॅम्बेल यांनी पूर्वी केलेल्या यादीवर तो आधारलेला होता. अंक, सर्वनामे, अवयव, ‘बाप’ या शब्दाची रूपे असे करत ही यादी घोड्याचे वय व काश्मीरचे अंतर विचारणाऱ्या वाक्यांपर्यंत जाते. काश्मीर कधीही न पाहिलेल्या माणसालाही ते वाक्य आपल्या बोलीत सांगावे लागे.

या पद्धतीचे खरे शहाणपण मधल्या नमुन्यात आहे. भाषांतर करताना माणूस मूळ मजकुराच्या ओढीने पुस्तकी लिहितो. त्यामुळे दुसरा नमुना स्थानिक माणसाच्या तोंडची गोष्ट, गाणे किंवा जबानी असा मोकळा ठेवला होता. ठरीव साच्याने तुलना साधली आणि मोकळ्या नमुन्याने बोलीचा जिवंतपणा राखला.

ग्रंथांची मांडणीही ठरलेली होती. प्रथम बोलीचा प्रदेश व बोलणाऱ्यांची संख्या, मग आधीच्या लेखनाची नोंद, व्याकरणाचा सांगाडा, शब्दशः इंग्रजी अर्थासह नमुने आणि शेवटी शब्दयाद्या. ग्रिअर्सन पुढे इंग्लंडमध्ये राहूनच संपादन करत होते. स्टेन कोनो या नॉर्वेजियन सहकाऱ्याने अनेक खंड तयार केले. तरीही १९०३ पासून १९२८ पर्यंत निघालेली ही मालिका एका हातची वाटते. तिच्यात १७९ भाषा व ५४४ बोलींची नोंद आहे.

मराठीचा खंड व मर्यादा

मराठीला वाहिलेला सातवा खंड (१९०५) कोनो यांनी सिद्ध केला. त्यात कोकणी व हळबी यांना मराठीच्या बोली मानले आहे. हे वर्गीकरण पुढे वादाचे ठरले. कोकणीला १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषेचे स्थान मिळाले. समान नमुन्यांमुळे साम्य आणि भेद समोर येतात, पण बोली कोठे संपते व भाषा कोठे सुरू होते याचा निवाडा त्यांतून आपोआप होत नाही. मैथिली, मगही व भोजपुरी यांना ‘बिहारी’ या एका नावाखाली आणण्याचा ग्रिअर्सन यांचा निर्णयही असाच वादग्रस्त आहे.

मद्रास प्रांत आणि म्हैसूर व हैदराबाद संस्थाने सर्वेक्षणाबाहेर होती. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात मोडत असे, हे सातवा खंड वाचताना ध्यानात ठेवावे.

अखेरची वर्षे

१९१२ मध्ये ग्रिअर्सन यांना ‘सर’ हा किताब आणि १९२८ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळाला. सर्वेक्षण संपल्यावरही त्यांचे काश्मिरी कोशाचे काम चालू होते. तो १९३२ मध्ये पूर्ण झाला. इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.