खोक्यातली पिल्लं आणि राव साहेबांचा हिशेब

नगर रोडवर कधी ना कधी ते खोकं तुम्ही पाहिलेलं असणार. कोरेगाव भीमा असो, सणसवाडी असो की शिक्रापूरचा चौक, सायकलच्या कॅरिअरला बांधलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं, त्याला भोकं पाडलेली, आणि आत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं चिवचिवत एकमेकांच्या अंगावर चढलेली. कॉलेजच्या बसची वाट बघताना दोन घ्यावीत असं कुणालाही वाटतं. मीही शाळेत असताना चार घेतली होती. बुटाच्या खोक्यात ठेवली, तांदूळ टाकले, पाण्याची वाटी ठेवली. पहिलं त्याच रात्री गेलं, शेवटचं चौथ्या दिवशी. आईनं मला बोलली नाही, एवढंच लक्षात आहे.

ती पिल्लं मुळात विकायला का येतात, हे मला फार उशिरा कळलं. अंड्यांसाठी पाळायच्या कोंबडीला लेअर म्हणतात. लेअरच्या हॅचरीत अंडी उबवली की निम्मी पिल्लं माद्या निघतात आणि निम्मे नर. नर अंडी देत नाही आणि मांसाच्या जातीसारखा भराभर वाढतही नाही. पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात, माद्या शेतकऱ्याकडे जातात आणि नर कवडीमोलानं बाहेर पडतात. त्यातलेच काही रंगात बुडवून तुमच्या-माझ्यासमोर येतात. म्हणजे त्या खोक्यातला प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊ असतो. त्याच्या बहिणी कुठंतरी शेडमध्ये पोचलेल्या असतात, आणि रोजचं ऑम्लेट त्यांच्याकडून येतं.

या बहिणींची गोष्ट सांगायची तर एका माणसाचं नाव घ्यावंच लागतं. बंडा वासुदेव राव, म्हणजेच डॉ. बी. व्ही. राव. पोल्ट्रीवाल्या घरातले असाल तर हे नाव तुम्हाला नवं नाही. नसाल, तर व्यंकीजच्या पाट्या तरी पाहिल्या असतील. फुटबॉल बघणाऱ्यांना आणखी एक खूण सांगतो. 2010 मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब पुण्याच्या एका कोंबडीवाल्या कंपनीनं विकत घेतला, ती यांचीच कंपनी. पण तोवर राव जाऊन चौदा वर्षं झाली होती. ते क्लबचं प्रकरण त्यांच्या खात्यात मांडू नका, ना कौतुकाला ना शिव्यांना.

रावांचा जन्म 1935 चा. कोंबड्यांचा धंदा त्यांनी सुरू केला हैदराबादेत, आणि 1971 मध्ये तिथंच व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी राहिली. तेव्हा ते पस्तिशीत होते. पुढे या उद्योगाचं मुख्य ठिकाण पुणे झालं.

त्या काळातली कोंबडी कशी होती, हे आजीला विचारा. परसात फिरणारी, उकिरडा उकरणारी, रात्री डालग्याखाली झाकून ठेवायची. वर्षाला पन्नास-साठ अंडी दिली की खूप झालं. मध्येच खुडूक व्हायची आणि महिनाभर अंडी बंद. पाहुणा आला की एक कापायची, मानमोडी आली की सगळीच जायची. अशा कोंबडीवर घरातलं मीठ-मिरचीचं भागायचं, पण त्यावर कुणी संसार उभा करू शकत नव्हतं. रावांना संसार उभा राहील अशी कोंबडी हवी होती.

इथं एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या, नाहीतर या माणसानं नेमकं काय केलं ते कळणार नाही. जास्त अंडी देणारी कोंबडी ही संकरित असते. तिच्यामागे आईबाप कोंबड्यांचा वेगळा कळप लागतो, त्यांच्यामागे आजी-आजोबांचा, आणि सगळ्यात वर मूळ शुद्ध वंशाचा. तुम्ही शेतात पाळता ती या उतरंडीची शेवटची पायरी. तिचीच अंडी उबवून पुढची पिढी काढू म्हटलं तर गुण टिकत नाहीत. (आणि दुकानातून आणलेलं साधं अंडं उबवायचा प्रयोग कुणी करत असेल तर थांबवा. लेअरच्या शेडमध्ये कोंबडा नसतो, त्या अंड्यातून काहीच निघणार नाही.) म्हणजे वरच्या पायऱ्या परदेशात असतील, तर इथल्या शेतकऱ्याला दरवेळी तिकडे हात पसरावा लागणार. रावांनी अमेरिकेतल्या बॅबकॉक आणि कॉब या पैदास कंपन्यांशी करार केले आणि उतरंडीच्या वरच्या पायऱ्याच इथं आणल्या. त्यातून अंड्यांसाठी बीव्ही-300 आली आणि मांसासाठी वेनकॉब. पहिली वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, दुसरी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जाते. आजीच्या कोंबडीशी तुलना तुम्हीच करा.

पण नुसती जात आणून भागत नाही, हे बुटाच्या खोक्यानं मला शिकवलं होतं. एक दिवसाचं पिल्लू फार फसवं असतं. अंड्यातून निघताना पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ते दोन दिवस दाणापाण्याशिवाय काढतं. म्हणून तर पिल्लं खोक्यात भरून शेकडो किलोमीटर पाठवता येतात, आणि म्हणूनच विकत घेताना ती टुणटुणीत दिसतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. त्याला स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या आसपास साधारण 35 अंश तापमान लागतं, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत आणायचं. पुणे जिल्ह्यातली डिसेंबरची रात्र आठवा आणि बुटाचं खोकं आठवा.

राव हे सगळं एकत्र बघत होते. पिल्लू विकून मोकळं व्हायचं नाही, त्याला लागणारं खाद्य, औषध, लस, उपकरणं, रोगाचं निदान, आणि पाळणाऱ्याला शिक्षण, हे सगळं बांधायचं. लशी करणारा विभाग त्यांच्या समूहात उभा राहिला. लोणी काळभोरला पोल्ट्रीच्या रोगनिदानाचं आणि संशोधनाचं केंद्र आहे. उरुळी कांचनला पोल्ट्री व्यवस्थापन शिकवणारी संस्था आहे, ती आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते. कोरेगावातून निघालात तर लोणीकंदवरून केसनंदमार्गे थेऊर फाट्याला उतरा, दोन्ही गावं सोलापूर रोडवरच आहेत. परदेशी जायची गरज नाही, बाईकवर सकाळी जाऊन दुपारी परत याल.

आता त्यांच्या आयुष्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ती कोंबडीची नाही, भावाची आहे.

जास्त अंडी देणारी कोंबडी आली, शेड वाढले, अंडी वाढली, आणि शेतकरी बुडायला लागला. हे उलटं कसं? कोंबडी रोज अंडं देते, तिला सुट्टी सांगता येत नाही. अंडं फार दिवस ठेवता येत नाही. खाद्य रोज विकत घ्यावं लागतं. शहरातला ठोक व्यापारी हे सगळं जाणून असतो. तो सांगेल तो भाव, कारण शेतकऱ्याची गाडी भरून दारात उभी असते आणि ती परत नेणं शक्य नसतं. एका राज्यातला शेतकरी अडून बसला तर दुसऱ्या राज्यातली गाडी येतच असते. 1980-81 च्या सुमारास हालत अशी झाली की अंड्याचा भाव उत्पादन खर्चाच्याही खाली गेला आणि देशभरात कितीतरी शेड बंद पडले.

हॅचरीवाल्याला यात तोटा होताच. पिल्लू घेणारा शेतकरीच संपला तर पिल्लू विकणार कुणाला? त्यामुळे रावांनी पुढे जे केलं त्यात निव्वळ परोपकार होता असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायची गरजही नाही. ते आणि काही शेतकरी देशभर फिरले. तीनशेच्या वर बैठका घेतल्या, शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या. मुद्दा एकच होता. अंडं ज्याचं आहे, भाव त्यानं ठरवावा. मे 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, रीतसर नोंदवली गेली. तेव्हापासून वेगवेगळ्या शहरांसाठी अंड्याचा शेकडा दर रोज जाहीर होतो. पुण्याचा वेगळा, मुंबईचा वेगळा, हैदराबादचा वेगळा. मेसच्या मालकानं भुर्जी दोन रुपयांनी वाढवली की तो ज्या दराचा हवाला देतो, तो बहुधा हाच. रविवार-सोमवारचं यमक जुळवून रोज अंडी खायला सांगणारी टीव्हीवरची जाहिरात आठवते? तीही याच समितीची. आधी भाव, मग गिऱ्हाईक, असा तो क्रम होता.

जाहीर केलेला भाव प्रत्येक गाडीला मिळतोच असं नाही, हे कुठलाही पोल्ट्रीवाला सांगेल. तरी वाटाघाटीला बसताना शेतकऱ्याच्या हातात एक आकडा असतो. कांद्याच्या शेतकऱ्याला विचारून बघा, असा आकडा रोज सकाळी हातात असणं म्हणजे काय.

1990 मध्ये रावांना पद्मश्री मिळाली. 1996 च्या सुरुवातीला ते गेले, साठीच गाठली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात जागतिक पोल्ट्री परिषद दिल्लीत भरली, जगभरचे तज्ज्ञ आले, आणि ज्यांनी हा धंदा देशात उभा केला तेच नव्हते. समूहाची आणि समितीची धुरा पुढे त्यांची कन्या अनुराधा देसाई यांनी उचलली. मित्रांबरोबर केतकावळ्याच्या प्रतिबालाजीला गेला असाल, तर ते मंदिरही याच समूहानं बांधलेलं आहे. लाडूच्या रांगेत हे कुणाच्या डोक्यात येत नाही, माझ्याही आलं नव्हतं.

आता तुमच्याकडे वळतो. शिरूर-दौंड पट्ट्यात फिरलात तर उसाच्या कडेनं लांबच लांब शेड दिसतात. त्यातले पुष्कळ ब्रॉयलरचे, आणि पुष्कळ करारावरचे. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते, आणि पक्षी तयार झाले की उचलून नेते. शेड तुमचं, वीज तुमची, रात्रीची जाग तुमची, मोबदला किलोमागे ठरलेला. यात भाव कोसळल्याची झळ थेट बसत नाही हे खरं. 2020 च्या सुरुवातीला चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली तेव्हा स्वतःच्या पैशानं पिल्लं भरलेले लोक अक्षरशः कोंबड्या फुकट वाटत होते. करारवाल्यांचं पिल्लाचं आणि खाद्याचं भांडवल त्यात बुडालं नाही. पण किलोमागचा तो मोबदला कोण ठरवतं? पक्षी ज्याच्या शेडमध्ये वाढला तो नव्हे. 1982 मध्ये अंड्याबद्दल विचारलेला प्रश्न ब्रॉयलरच्या शेडमध्ये अजून तसाच उभा आहे, आणि रावांच्या आयुष्याचा आदर वाटत असेल तर तो विचारायला संकोच वाटू नये. घरी करार असेल तर त्याचे कागद एकदा स्वतः वाचा. वडिलांनी सही करताना वाचले असतीलच असं नाही.

आणि कुणाला छोटी सुरुवात करायची असेल, घरामागे पाच-पंचवीस पिल्लांची, तर रस्त्यावरचं रंगीत खोकं सोडा. पुण्यात खडकीला पशुसंवर्धन खात्याचं अंडी उबवणी केंद्र आहे. तिथं परसात टिकणाऱ्या सुधारित जातींच्या पिल्लांसाठी चौकशी करा, आधी मागणी नोंदवा. पिल्लं आणण्याच्या आदल्या दिवशीच जागा तयार ठेवा. जमिनीवर भाताचं तूस पसरा, त्यावर वर्तमानपत्र (ही पुरवणी चालेल), भोवती पुठ्ठ्याचं गोल कडं, कारण चौकोनी खोक्यात पिल्लं कोपऱ्यात दाटतात आणि खालची गुदमरतात. वर बल्ब. आल्या आल्या गूळपाणी, मग भरडलेला मका, आणि पुढे पिल्लांचं तयार खाद्य. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान राणीखेतची लस, डोळ्यात नाहीतर नाकात एक थेंब. ती गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्या. ही चुकली की मानमोडी परत आजीच्या काळात नेऊन सोडते.

थर्मामीटर नसेल तरी चालेल. रात्री दोनला उठा आणि नुसतं बघा. सगळी बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोची उघड्या टाकून धापा टाकत असतील तर उकडतंय, वर घ्या. सगळीकडे विखरून, पाय पसरून झोपलेली असतील तर तुम्हीही झोपा. सकाळी पुण्याचा दर बघा आणि वहीत लिहा, पहिल्या दिवसापासून.