इतार आणि आव्हेरोंचा मुलगा

झाँ मार्क गास्पार इतार यांचा जन्म १७७४ साली फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात झाला. घरच्यांनी त्यांना पेढीच्या धंद्यात घालायचे योजले होते. परंतु क्रांतीच्या धामधुमीत ते लष्करी रुग्णालयात शिरले आणि डॉक्टरकीकडे वळले. १८०० च्या अखेरीस पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत त्यांची नेमणूक झाली, तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते.

त्याच वर्षी आव्हेरोंच्या रानात सापडलेला अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा तेथे आणला गेला होता. तो बोलत नसे, सारखा पुढेमागे झुलत राही, त्याची नजर कशावरच ठरत नसे. नामवंत मनोविकारतज्ज्ञ पिनेल यांनी तो असाध्य मंदबुद्धी असल्याचा निर्वाळा दिला. इतारांना ते पटले नाही. त्याच्याजवळ पिस्तुलाचे दोन बार काढले, तर दुसऱ्या बाराला त्याने मानही वळवली नाही. पण पाठीमागे कोणी अक्रोड फोडला की तो तत्काळ वळे! म्हणजे लक्ष होते, मात्र ते इतरांच्या हुकमाने चालत नव्हते. इतारांची खरी थोरवी मला या निरीक्षणात दिसते.

मग त्यांनी तीन पालथ्या पेल्यांपैकी एकाखाली खाऊ लपवून पेले फिरवण्याचा खेळ सुरू केला. पुढे खाऊऐवजी भलतीच वस्तू ठेवली, तरी व्हिक्टरची (हे नाव इतारांनीच दिले) नजर पेल्यावर टिकू लागली. अक्षरे मात्र त्याला जड गेली. तो संतापे, लोळण घेई. एकदा तर इतारांनी त्याला उंच खिडकीबाहेर उलटे धरले. तो मुकाट्याने कामाला लागला खरा, पण हे वाचताना इतारांचा रागच येतो.

त्याला सांभाळणाऱ्या मादाम गेरँ यांचे पती वारले, तेव्हा व्हिक्टरने सवयीने त्यांचेही ताट मांडले. बाई रडू लागताच त्याने ते उचलून ठेवले, पुन्हा कधी मांडले नाही.

१८०६ च्या दुसऱ्या अहवालानंतर इतारांनी हा प्रयत्न सोडला. व्हिक्टर बोलायला शिकलाच नाही. तो स्वमग्न असावा असे पुढे अनेक अभ्यासकांनी मानले. सर्वांना ते मान्य नाही. स्वमग्नता आणि अतिचंचलता ही निदाने एकाच मुलाला देण्याची मुभा अमेरिकन वर्गीकरणाने २०१३ साली दिली.

इतारांनी पुढे कानाच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. व्हिक्टर १८२८ साली गेला, इतार १८३८ साली. त्यांची साधने शिष्य सेगँ यांच्याकडून माँटेसरीबाईंपर्यंत पोचली आणि १९३९ साली त्या भारतात आल्या.