राजा दीनदयाळ : एका स्टुडिओचे धनी

आपल्या ग्रंथालयाच्या या शतकमहोत्सवी ग्रंथात एका छायाचित्रकाराचे चरित्र कशाला, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येईल. राजा दीनदयाळ हे मराठी नव्हते आणि ग्रंथव्यवहाराशीही त्यांचा थेट संबंध नव्हता. परंतु होळकरांचे इंदूर आणि निजामाचे हैदराबाद ही त्यांच्या आयुष्याची दोन ठाणी होत, आणि ही दोन्ही शहरे आपल्या मंडळींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वास्तव्याची. दुसरे असे की, त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा राजवाडे, शिकारी आणि दरबार यांच्याभोवतीच घोटाळत राहते. ते एका दुकानाचे धनी होते, आणि दुकान म्हटले की गिऱ्हाईक, नोकरमाणसे, उधारी आणि वह्या हे सारे आलेच, ही गोष्ट मागे पडते. ती थोडी पुढे आणावी, एवढाच येथे हेतू आहे.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. बेगम समरूची जहागीर म्हणून इतिहासात ठाऊक असलेले ते हेच सरधना. घरचा धंदा जवाहिऱ्याचा. मुलाने मात्र रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेतले आणि १८६६ साली तो इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत लागला. काम अंदाजपत्रके करण्याचे व नकाशे काढण्याचे. सुरक्षित, मानाची, पेन्शनीची नोकरी. तीत राहून सुखाने म्हातारपण गाठता आले असते.

१८७४ च्या सुमारास त्यांच्या हाती कॅमेरा आला. त्या काळी छायाचित्र काढणे हे आजच्यासारखे बटण दाबण्याचे काम नव्हते. काचेवर कलोडियनचा थर पसरायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळण्यापूर्वी लगेच काळोखात नेऊन धुवायची. माळव्याच्या उन्हाळ्यात ही सवड आणखीच कमी. बाहेरगावी जायचे तर काळोखाचा तंबू, बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या बैलगाडीवर लादून न्याव्या लागत. छाप थेट काचेवरून घेतला जाई. म्हणून जेवढे चित्र हवे तेवढीच मोठी काच. नकाशे आखण्यात मुरलेल्या माणसाला या कामातील मोजमाप आणि शिस्त परकी वाटली नसावी. त्यांनी टिपलेल्या इमारतींच्या चित्रांत उभ्या रेषा उभ्याच राहतात, खांब कलत नाहीत. ही नजर कचेरीतल्या टेबलावर तयार झाली, असे मला वाटते.

इंदुरात त्यांना दोन आधार मिळाले. एक महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांचा, आणि दुसरा मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांचा. ज्यांच्या नावाने इंदूरचे डेली कॉलेज आहे तेच हे डेली. १८७५-७६ मधील प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हिंदुस्थान दौऱ्याच्या प्रसंगी दीनदयाळ यांनी छायाचित्रे घेतली. पुढे एजंटपदी आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात हिंडले. ग्वाल्हेरचा किल्ला, सांची, ओरछा यांची त्यांनी घेतलेली चित्रे ग्रिफिन यांच्या १८८६ च्या मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथात आली. हे सारे नोकरी सांभाळून चालले होते.

मग त्यांनी दोन वर्षांची रजा घेतली. हेतू असा की, देशभरच्या दृश्यांची आपली मालिका पुरी करावी. मालिकेतील चित्रांना मागणी इतकी वाढली की रजेनंतर परत कचेरीत जाण्याऐवजी त्यांनी निवृत्ती पत्करली. वय तेव्हा चाळिशीच्या थोडे पुढे, पदरी संसार आणि दोन मुलगे, ज्ञानचंद व धर्मचंद. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार सोडून लोकांच्या आवडीवर पोट भरायचे हा निर्णय आज वाचताना सहज वाटतो. तो घेणाऱ्याला तसा वाटला नसणार.

१८८५ च्या सुमारास त्यांचा हैदराबादच्या दरबाराशी संबंध आला. सहावे निजाम महबूब अली खान यांना १८८४ मध्ये राज्याधिकार मिळाले होते. त्यांचे वय अठराच्या आसपास, आणि हौस दांडगी. व्हाइसरॉयचे छायाचित्रकार ही नेमणूकही दीनदयाळ यांना याच सुमारास मिळाली. १८८६ साली त्यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ उघडला. जागेची निवड हिशेबी होती. शेजारी इंग्रजांची मोठी छावणी, पलीकडे निजामाचे शहर; म्हणजे एका दारातून पलटणीचे साहेब येणार आणि दुसऱ्यातून उमराव. पुढे निजामाने त्यांना राजा केले आणि १८९४ मध्ये मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. आधी काचा आणि रसायने हाताळणाऱ्या माणसाला चित्रकाराची पदवी मिळावी, यात त्या काळाने छायाचित्रणाकडे कोणत्या नजरेने पाहिले तेही कळते. निजामाने त्यांच्यावर शेर रचला होता, असेही सांगतात.

दरबाराचे काम विविध होते. फलकनुमा महालाचे दिवाणखाने, निजामाच्या वाघाच्या शिकारी, पाहुण्यांच्या मेजवान्या, लष्कराची संचलने. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन वरंगळकडील जंगलात शिकारीला आले तेव्हा मारलेल्या वाघासह त्यांचे जे चित्र निघाले ते याच स्टुडिओचे. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या मुलखात होता. त्यामुळे वेरूळ आणि दौलताबाद हीही त्यांच्या काचांवर उतरली. शतकाच्या अखेरीच्या भीषण दुष्काळात मदतीची कामे निघाली तेव्हा त्यांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली. ज्या हाताने झुंबरे टिपली त्याच हाताने खडी फोडणारी माणसे टिपली, आणि ही दोन्ही कामे सरकारी होती.

पण रोजचे दुकान निराळे. त्या काळच्या स्टुडिओत वर काचेचे छप्पर असे, उजेड उत्तरेकडून घेत, आणि मागे रंगवलेला पडदा सोडत. बसणाऱ्याची मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी टेकू. शुष्क काचा बाजारात आल्यावर क्षण टिपणे सोपे झाले, तरी लोक कॅमेऱ्यासमोर ताठच बसत; जुन्या तसबिरीतील आपल्या आजोबांचा चेहरा रागीट दिसतो त्याचे एक कारण हेही असावे. लग्नमंडपात पुरेसा उजेड नसल्याने नवराबायकोला नंतर दागिन्यांसकट स्टुडिओत आणण्याची रीत सगळीकडेच पडली. काचेवर पेन्सिलीने सुरकुत्या पुसल्या जात, उन्हात कागदावर छाप उतरवला जाई, आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवून खाली दुकानाचे नाव येई.

या धंद्यातील खरे भांडवल म्हणजे वापरून झालेली काच. गिऱ्हाईक छाप घेऊन जाई, काच दुकानात राही. दहा वर्षांनी त्या घरातील कोणी वारले, कोणाचे लग्न ठरले, की आणखी प्रती हव्या असत. तेव्हा हजारो काचांतून नेमकी ती सापडली पाहिजे. म्हणून प्रत्येक काचेला क्रमांक, आणि क्रमांकाची रजिस्टरात नोंद. दीनदयाळ यांच्या दृश्यचित्रांच्या छापांवर कडेला पांढऱ्या अक्षरांत क्रमांक आणि नाव दिसते ते काचेवरच उलटे लिहिलेले असे. आपल्या ग्रंथपालांना दाखल नोंदवहीचे महत्त्व सांगायला नको. ही तीच गोष्ट, फक्त पुस्तकांऐवजी माणसांच्या चेहऱ्यांची.

या स्टुडिओतील एक प्रयोग विशेष सांगण्याजोगा आहे. पडद्यातील उमराव स्त्रियांना परपुरुषासमोर बसता येत नसे. त्यांच्यासाठी १८९२ साली हैदराबादेत स्वतंत्र जनाना स्टुडिओ निघाला आणि तो केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे सोपवला गेला. भोवती उंच भिंती, आणि आतले सारे काम बायकांच्या हाती. यात व्यापारी हुशारी होती हे उघडच आहे. अर्धे शहर गिऱ्हाईक म्हणून बाहेर ठेवणे कोणत्या दुकानदाराला परवडेल? तरीही ज्या घरांतून स्त्रीचा चेहरा बाहेर कधी दिसला नाही तिथे तिची तसबीर जाऊन पोहोचली. या तसबिरी अर्थातच घरोघरच राहिल्या. कोणाच्या संग्रहात मिरवण्यासाठी त्या नव्हत्याच.

१८९६ मध्ये मुंबईची शाखा उघडली. व्हिक्टोरिया राणीचे छायाचित्रकार हा मानही मिळाला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली होतीच. मात्र एव्हाना सारी चित्रे एकट्या दीनदयाळ यांनी घेतलेली असणे शक्य नव्हते. मुलगे कामात होते, मदतनीस होते, आणि पुठ्ठ्यावर नाव एकच छापले जाई. नोकरांची नावे कोणत्याही दुकानाच्या पाटीवर नसतात. तरी त्यांपैकी काहींनी काढलेली चित्रे आज त्यांच्या धन्याची म्हणून वाखाणली जातात, याची जाणीव ठेवलेली बरी.

१९०४ मध्ये धर्मचंद गेले. पुढल्याच वर्षी, ५ जुलै १९०५ रोजी, दीनदयाळ यांचाही अंत झाला. आश्रयदाते महबूब अली खान १९११ मध्ये निवर्तले. पेढीचे नाव चालू राहिले, पण पहिला बहर परतला नाही. हाती धरून वापरायचे छोटे कॅमेरे घरांत येऊ लागले होते, आणि राजाश्रय ज्या माणसावर उभा असतो तो गेला की त्याचा आधारही जातो.

काचा मात्र कुटुंबाने टाकल्या नाहीत. जुन्या काचा खरवडून, धुऊन भंगारात विकण्याची चाल आपल्याकडील कित्येक स्टुडिओंत होती. तसे येथे झाले नाही. १९८० मध्ये अमेरिकेत त्यांच्या चित्रांचा एक ग्रंथ निघाला, तेव्हा जगाचे लक्ष पुन्हा इकडे वळले. त्या ग्रंथाच्या शीर्षकात छायाचित्रांचा काळ १८८४ ते १९१० असा दिला आहे, म्हणजे राजासाहेबांच्या मृत्यूनंतरची पाच वर्षेही त्यांच्याच नावे जमा झाली आहेत! १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने कुटुंबाकडील २,८५७ काचा आपल्या संग्रहात घेतल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. काचांत निजाम आहेत, व्हाइसरॉय आहेत, आणि पैसे देऊन एकदाच बसून गेलेली पुष्कळ माणसे आहेत.